वायरलेस कीबोर्ड-माउसचे सेल किती पुरतात आणि पैसे नेमके कुठे जातात

पुण्यात नारायण पेठेत आमचं अक्षरजुळणीचं छोटं काम आहे. पाच कॉम्प्युटर, पाच जण, आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्री दहापर्यंत चालणारे कीबोर्ड. २०२० नंतर एकेक करत पाचही टेबलांवरच्या वायरी गेल्या आणि वायरलेस सेट आले. तेव्हापासून दर महिन्याला कुणीतरी ऐन कामात हाक मारायचं, "ताई, माउस बंद पडला!" माउसला काही झालेलं नसायचं, सेल संपलेला असायचा. ड्रॉवरमध्ये हाताला लागेल तो सेल घालायचा आणि काम पुढे न्यायचं, असं वर्षभर चाललं.

मग एका पावसाळ्यात एक कीबोर्ड खरोखरच गेला. मागचं झाकण उघडलं तर आत सेलला पाणी सुटलेलं, स्प्रिंग हिरवी पडलेली, पत्रा खाऊन गेलेला. सेल पंधरा रुपयांचा आणि त्याच्यापायी दीड हजाराचा सेट निकामी. त्या आठवड्यात मी एक वही घातली: कुठल्या टेबलावर, कुठला सेल, कुठल्या तारखेला घातला आणि कधी संपला. तीन वर्षांच्या नोंदी बघितल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसली. सेलवर होणारा खर्च अगदी किरकोळ असतो. मोठा खर्च होतो तो कीबोर्ड-माउस अवेळी मरण्यात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच दृष्टीनं लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : सेलवरची बारीक अक्षरं वाचा

आपल्याकडे दुकानात पेन्सिल सेल म्हणून मागितला की जो मिळतो तो डबल ए. रिमोटचा बारीक सेल म्हणजे ट्रिपल ए. पण एकाच मापाच्या सेलमध्ये आत तीन-चार वेगळी रसायनं असू शकतात आणि माउसचं आयुष्य त्यावर ठरतं. सेलच्या अंगावर एक छोटा कोड छापलेला असतो, तो चष्मा लावून वाचा.

नुसतं आर ६ किंवा आर ०३ असेल तर तो झिंक-कार्बन, म्हणजे आपला जुना साधा सेल. आरच्या आधी एल असेल, एलआर ६ किंवा एलआर ०३, तर अल्कलाइन. एचआर असेल तर निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे चार्ज होणारा. एफआर असेल तर एकदाच वापरायचा लिथियम. तो वजनाला हलका, सहसा पाझरत नाही, पण या कामासाठी विनाकारण महाग.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रिकल सामानाच्या बाजारात, मी पहिल्यांदा डझनभर सेल घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं होतं, "ताई, घड्याळाला टाकायचेत की माउसला?" तेव्हा मला तो प्रश्न जादा वाटला होता. आता वाटतं, प्रत्येक दुकानदारानं तो विचारायला हवा. भिंतीवरच्या घड्याळाला झिंक-कार्बन सेल चालतो, कारण घड्याळ अगदी थेंबाथेंबानं वीज घेतं. माउसची भूक वेगळी असते.

आणि पाझरण्याचं कारणही या कोडातच आहे. झिंक-कार्बन सेलचं बाहेरचं जस्ताचं नळकांडं हे नुसतं डबडं नसतं, वीज तयार होताना ते जस्तच खर्ची पडतं. सेल संपत येतो तसं नळकांडं पातळ होतं, कुठेतरी भोक पडतं आणि आतला आम्लधर्मी द्रव बाहेर येतो. अल्कलाइन सेलचं नळकांडं पोलादी असतं, त्यामुळे तो जास्त तग धरतो. पण तोही अमर नाही. संपल्यावर आत वायू साठतो, दाब वाढतो आणि झाकणाच्या बाजूनं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर पडतं. तो पांढरा, मिठासारखा थर आपण सगळ्यांनी जुन्या रिमोटमध्ये पाहिलेला असतो. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल क्वचितच पाझरतात.

अलीकडे टाइप-सी वायरीनं थेट चार्ज होणारे, दीड व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात. दिसायला सोयीचे आहेत. पण आतल्या बॅटरीचा विजेचा दाब दीड व्होल्टवर आणायला त्यात एक छोटं सर्किट असतं आणि ते सर्किट स्वतः सतत थोडी वीज खात राहतं. महिनोन्महिने आत बसणाऱ्या कीबोर्डला मी ते घालत नाही.

दुसरी पायरी : तारीख लिहा

सेल घालताना झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि सेलचा प्रकार लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण यावाचून पुढचा कुठलाच हिशेब होत नाही. "हा सेल गेल्याच महिन्यात टाकला होता" हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू यायचं आणि दहापैकी आठ वेळा तो महिना म्हणजे प्रत्यक्षात चार महिने निघायचे.

जुने आणि नवे सेल ड्रॉवरमध्ये एकत्र झाले असतील तर एक घरगुती कसोटी आहे. अल्कलाइन सेल सपाट टोक खाली ठेवून, फरशीपासून दोन बोटं वर धरून सरळ सोडा. नवा सेल धप्पकन बसतो, वापरलेला उसळी मारतो. आतली जस्ताची लापशी वापरानं झिंक ऑक्साइड होऊन कडक बनत जाते, म्हणून असं होतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे नीट मोजलं, तेव्हा दिसलं की सेल साधारण अर्धा संपेपर्यंतच उसळी पूर्ण वाढलेली असते. म्हणून उसळणारा सेल मेलेला समजून फेकू नका. तो फक्त नवा नाही, एवढंच कळतं. झिंक-कार्बनला ही कसोटी लागू नाही.

घरात व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपं. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. १.२ च्या आसपास आला की उतरणीला लागला आणि १ व्होल्टला पोचला की काढून टाकायचा.

तिसरी पायरी : बॉक्सवरचे महिने आपल्या कामाला लावून बघा

खोक्यावर "१२ महिने", "२४ महिने", "३६ महिने" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात ते कसं मोजलं तेही असतं, आणि वाचण्यासारखं तेच आहे. लॉजिटेक कंपनी आपल्या कीबोर्डांच्या बाबतीत सांगते की हा अंदाज ऑफिसात वर्षाला २० लाख वेळा कळ दाबली जाईल असं धरून काढलेला आहे. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर दिवसाला ८,००० कळा.

आता आमच्याकडचा हिशेब बघा. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत "पुण्यातल्या" हा एक शब्द टाइप करायला ११ कळा दाबाव्या लागतात, कारण काना, उकार आणि हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. सरकारी टंकलेखन परीक्षेच्या मराठीच्या ३० शब्दांच्या वेगानं कुणी दिवसात पाच तास टाइप केलं तर ९,००० शब्द होतात. शब्दाला सरासरी पाच-सहा कळा धरल्या तरी आकडा ५०,००० च्या आसपास जातो, म्हणजे कंपनीनं धरलेल्याच्या सहापट. तेव्हा २४ महिन्यांचा कीबोर्ड आमच्याकडे १० ते ११ महिने चालतो यात फसवणूक काही नाही. उलट घरी फक्त ईमेल लिहिणाऱ्या, लाइटबिल भरणाऱ्या माणसाकडे तोच कीबोर्ड दोन वर्षं सहज काढेल.

माउसचं गणित निराळं. कीबोर्ड दोन कळांच्या मधे चक्क झोपतो. माउसच्या पोटात मात्र एक दिवा आणि एक छोटासा कॅमेरा असतो, आणि तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढून आपण किती सरकलो हे ठरवतो. हात माउसवर असेपर्यंत हे चालू राहतं. म्हणून कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्या आमच्या मुलाचा माउस दिवसाला नऊ तास जागा असतो आणि १२ महिन्यांचा दावा असलेला तो माउस अल्कलाइन सेलवर साडेपाच महिने जातो. त्याच माउसमध्ये झिंक-कार्बन सेल सात-आठ आठवडे टिकला आणि चार्ज होणारा सेल जवळपास चार महिने.

गेमिंगचे माउस या हिशेबात धरूच नका. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा कॉम्प्युटरला आपली जागा कळवतो, गेमिंगचा १,००० वेळा किंवा त्याहूनही जास्त. त्याची बॅटरी तासांत मोजतात.

चौथी पायरी : फुकट जाणारी वीज थांबवा

ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत.

सगळ्यात आधी रिसीव्हरची, म्हणजे सेटबरोबर येणाऱ्या आणि यूएसबी पोर्टमध्ये खोचायच्या छोट्या तुकड्याची, जागा बदला. पीसीच्या मागच्या बाजूला, टेबलाखाली, लोखंडी पत्र्याच्या आड लावलेला रिसीव्हर माउसला नीट ऐकू येत नाही. मग तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि प्रत्येक वेळी सेल खर्च होतो. त्यात शेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह असेल तर आणखी भर. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि वायरलेस माउस याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. उपाय साधा. यूएसबी २ ची हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि रिसीव्हर टेबलावर, मॉनिटरच्या पायापाशी आणून ठेवा. वायफायचा राउटर तिथेच असेल तर त्याला थोडं लांब करा. आमच्याकडे माउस अडखळण्याच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या एका वायरीनं गेल्या.

मग टेबल बघा. काळ्या किंवा चकचकीत सनमायकावर, आणि काचेवर तर फारच, माउसच्या कॅमेऱ्याला खूण सापडत नाही. मग बरेच माउस दिव्याचा उजेड वाढवतात. फिक्या रंगाचं साधं पॅड किंवा जाड कोरा कागद खाली ठेवला तरी फरक पडतो.

तिसरी गोष्ट पुण्यात रोज प्रवास करणाऱ्यांसाठी. माझी मुलगी लॅपटॉप आणि माउस बॅगेत टाकून हिंजवडीला जाते. कधी पीएमपीच्या बसनं, कधी दुचाकीवर. दर खड्ड्याला, दर गतिरोधकाला बॅगेतला माउस हलतो, बटण दाबलं जातं, तो जागा होतो आणि रिसीव्हर शोधायला लागतो. येता-जाता मिळून दोन-अडीच तास हा उद्योग चालू राहतो. तिचा सेल आमच्या ऑफिसातल्या माउसपेक्षाही लवकर संपायचा, त्याचं कारण हेच निघालं. माउसच्या पोटाखालचं बटण बॅगेत ठेवण्यापूर्वी बंद करायचं, एवढंच. ज्या माउसला असं बटणच नाही तो प्रवासासाठी घेऊ नये.

कीबोर्डचा मागचा प्रकाश ही सगळ्यात मोठी गळती आहे. लॉजिटेकच्या एमएक्स कीज या कीबोर्डबद्दल कंपनीचाच दावा आहे की प्रकाश चालू ठेवला तर एका चार्जिंगवर १० दिवस आणि बंद ठेवला तर ५ महिने. टायपिंगवर होणारा खर्च या प्रकाशापुढे किती कमी आहे, ते यावरून कळतं. दिवसा खिडकीपाशी बसून काम करत असाल तर तो बंदच ठेवा.

पाचवी पायरी : वर्षाचा खर्च काढा

हिशेब सोपा जावा म्हणून किमती मी गोल धरते, तुम्ही तुमच्या दुकानातल्या घालून बघा. झिंक-कार्बन सेल १५ रुपये, अल्कलाइन ४५, चांगला चार्ज होणारा २५०, आणि त्याचा चार्जर ८००.

आमच्या पानं लावणाऱ्या मुलाच्या माउसला वर्षाला साधारण सात झिंक-कार्बन सेल लागतील, म्हणजे १०५ रुपये. अल्कलाइन सव्वादोन लागतात, म्हणजे शंभरच्या आसपास. किंमत तिप्पट दिसते, पण वर्षाचा खर्च तेवढाच. शिवाय झिंक-कार्बन वापरला तर वर्षात सात वेळा काम थांबणार आणि सातही वेळा पाझरण्याचा धोका. म्हणून स्वस्त सेल या कामाला स्वस्त पडत नाही.

चार्ज होणाऱ्या सेलचं गणित मी आधी चुकीचं धरलं होतं. मला वाटलं होतं, यात भरपूर बचत असेल. एका माउसला एक आत आणि एक भरलेला तयार, असे दोन सेल लागतात. चार्जर धरून १,३०० रुपये. अल्कलाइनवर वर्षाला १०० जात असतील तर हे पैसे वसूल व्हायला १३ वर्षं. एकट्या माउससाठी याला काही अर्थ नाही. पाच माउस असतील तर सात सेल आणि चार्जर मिळून २,५५०, म्हणजे पाच वर्षं. पण घरात त्याच मापाचे सेल खाणारी आणखी उपकरणं असतील, मुलांची खेळणी, रक्तदाब मोजायचं यंत्र, टॉर्च, तर हाच चार्जर दोन वर्षांत पैसे फेडतो. विजेचा खर्च मोजूच नका. एक पेन्सिल सेल भरायला, वाया जाणारी वीज धरूनसुद्धा, साधारण ५ वॅट-तास लागतात. महावितरणच्या एका युनिटमध्ये असे दोनशे सेल भरतील.

चार्ज होणारे सेल घ्यायचेच असतील तर भरून ठेवल्यावर आपोआप कमी उतरणारे घ्या. पाकिटावर "प्री-चार्ज्ड" किंवा "रेडी टु यूज" लिहिलेलं असतं. सान्योनं २००५ मध्ये एनलूप या नावानं असे सेल बाजारात आणले, आता अनेक कंपन्यांचे मिळतात. साधे चार्जेबल सेल महिन्याभरात नुसते बसून २०-३० टक्के उतरतात, त्यामुळे कीबोर्ड-माउसला ते निरुपयोगी. पाकिटावरच्या क्षमतेच्या मोठ्या आकड्यालाही भुलू नका. डबल ए मापात २,००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचा सेल प्रामाणिक असतो, ४,००० छापलेला नसतो.

एक घोटाळा होतो तो आधीच सांगते. या सेलचा दाब दीड नव्हे, १.२ व्होल्ट असतो. त्यामुळे पूर्ण भरलेला सेल घातला तरी कॉम्प्युटरवर बॅटरी ६०-७० टक्के दिसू शकते. सेल खराब नाही, मोजपट्टी अल्कलाइनची आहे. आणि हा दाब शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहून मग एकदम कोसळतो. त्यामुळे लाल इशारा दिसल्यावर माउस लवकरच बंद पडू शकतो. भरलेला दुसरा सेल हाताशी हवाच.

आता मुख्य गोष्ट. दीड हजाराचा सेट तीन वर्षं चालला तर वर्षाला ५०० रुपये. त्यातल्या कीबोर्ड आणि माउस दोघांचे अल्कलाइन सेल मिळून वर्षाला दोनशेच्या आत. एकदा सेल पाझरून सेट गेला तर सात-आठ वर्षांच्या सेलचे पैसे एका दिवसात गेले. म्हणून ३६ महिन्यांची बॅटरी आहे म्हणून हजार रुपये जास्त देऊन माउस घेण्यात मला काही राम वाटत नाही. तो हजार बटणं चांगली आहेत, वॉरंटी लांब आहे, हाताला बसतो, यासाठी द्या.

सहावी पायरी : नवा सेट घेताना

दुकानात गेल्यावर माउस आणि कीबोर्डचं मागचं झाकण उघडून बघा. माउसला डबल ए असेल तर उत्तम. त्यात ट्रिपल एच्या दुपटीहून जास्त वीज मावते. वजन कमी हवं म्हणून ट्रिपल ए घालतात, पण ऑफिसच्या कामाला थोडा जड माउस त्रास देत नाही. सेलच्या कप्प्यात रिसीव्हर ठेवायची खाच आहे का तेही बघा. सेट वाया जाण्याचं पाझरण्याखालोखालचं कारण म्हणजे हरवलेला रिसीव्हर. बऱ्याच स्वस्त सेटचा रिसीव्हर त्या एकाच सेटशी बांधलेला असतो, तो हरवला की दोन्ही वस्तू भंगार. लॉजिटेकच्या युनिफाइंग रिसीव्हरला सहा उपकरणं जोडता येतात आणि हरवला तर दुसरा घेऊन जोडता येतो. २०२१ मध्ये आलेला बोल्ट हा त्यांचाच पुढचा प्रकार, पण बोल्ट आणि युनिफाइंग एकमेकांशी बोलत नाहीत. जुन्यात नवं मिसळताना खोक्यावरची खूण बघून घ्या. ब्लूटूथवाल्याला रिसीव्हरच लागत नाही. मात्र जुन्या पीसीला ब्लूटूथ असेलच असं नाही.

आतच बॅटरी असलेले सेट कुणी घ्यावेत? ज्यांना सेल आणून ठेवायचा कंटाळा आहे आणि ज्यांच्याकडे टाइप-सी वायर कायम टेबलावर असते त्यांनी. लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३ हा माउस एका चार्जिंगवर ७० दिवस आणि एका मिनिटाच्या चार्जिंगवर तीन तास चालतो असं कंपनी सांगते. वर्षाला पाच-सहा वेळाच चार्ज होत असेल तर चार्जिंगच्या फेऱ्यांनी बॅटरी झिजत नाही, ती वयानं झिजते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलून मिळेल का? खाली स्क्रू दिसत असतील तर आशा आहे. सगळं चिकटवलेलं असेल तर किमतीला त्या चार-पाच वर्षांनीच भागायचं. चार्ज होताना वापरता येतो का, हेही तपासा. ॲपलच्या मॅजिक माउसचं चार्जिंगचं भोक पोटाखाली आहे, २०२४ मध्ये टाइप-सी आलं तरी जागा तीच राहिली, त्यामुळे चार्जिंग चालू असेपर्यंत हात बांधलेले.

आणि टेबलावरून कधीच न हलणारा कीबोर्ड वायरलेस असायलाच हवा का, याचाही विचार करा. बिलं करणाऱ्या कितीतरी दुकानांत टीव्हीएस गोल्ड हा वायरीचा कीबोर्ड वर्षानुवर्षं बडवला जातो. आमच्या दोन टेबलांवर मी पुन्हा वायरीचेच कीबोर्ड आणले आणि माउस तेवढे वायरलेस ठेवले. वायर अडते ती सरकणाऱ्या माउसला. जागेवर बसलेल्या कीबोर्डला ती अडत नाही.

बिल जपून ठेवा. माउस बहुतेक वेळा बॅटरीनं मरत नाही, एकदा दाबलं की दोनदा क्लिक होण्यानं मरतो, आणि ते वॉरंटीत बसतं.

सातवी पायरी : सेलला पाणी सुटलं असेल तर

घाबरून लगेच फेकू नका. आमच्या पहिल्या कीबोर्डला मी हात लावायला उशीर केला, म्हणून तो गेला. नंतरचे दोन वाचले.

हातमोजे घाला, जमल्यास चष्माही. सेल काढून कागदात गुंडाळा. अल्कलाइनचा पांढरा थर असेल तर कानाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून त्या जागी टेकवा. बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा टिपा. झिंक-कार्बनचा द्रव आम्लधर्मी, त्याला लिंबू चालणार नाही. तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्याच्या दोन थेंबांत कालवून लावा. म्हणजे सेलवरचा तोच कोड इथेही वाचावा लागतो. मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सगळी जागा पुसा आणि एक दिवस झाकण उघडं ठेवून वाळू द्या. स्प्रिंग काळी-हिरवी राहिली असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासा, धातूची चमक दिसली की थांबा. पाणी ओतायचं नाही, उपडं धरून काम करायचं, म्हणजे ओल आत सर्किटकडे जात नाही. द्रव त्वचेला लागला तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेला तर बराच वेळ पाण्यानं धुवत राहून थेट डॉक्टरकडे.

दोन सेल लागणाऱ्या कीबोर्डात एक नवा आणि एक जुना कधी घालू नका. नवा सेल जुन्याला संपल्यावरही ढकलत राहतो आणि पाझरतो तो जुना.

वर्षातून दोनदा

कीबोर्डचे सेल इतके हळू संपतात की आपण ते विसरतो आणि पाझरण्याची वेळ येते ती याच विसरण्यात. मी यासाठी दोन दिवस ठरवून टाकले आहेत. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुसून पूजेला मांडतोच, आमच्याकडे कीबोर्डलाही झेंडूचं फूल वाहतात. फूल वाहायच्या आधी झाकण उघडायचं, सेल बाहेर काढायचे, टोकं कोरड्या फडक्यानं पुसायची, तारीख वाचायची. साधारण सहा महिन्यांनी गुढीपाडव्याला पुन्हा तेच. खंडेनवमीची तपासणी पावसाळ्यानंतर लगेच येते, त्यामुळे ओलीनं धरलेला गंज तेव्हाच दिसतो. दीड वर्षाहून जुना अल्कलाइन सेल कीबोर्डात दिसला तर चालत असला तरी मी काढते आणि घड्याळाला घालते. महिनाभर ऑफिस बंद राहणार असेल तर सगळे सेल बाहेर.

संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात धरल्या आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्याकडे झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी आहे, त्यात ते साठतात. बरणी भरली की कचरा न्यायला येणाऱ्या, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना आधी विचारून वेगळी देते, किंवा सोसायटीत ई-कचरा संकलन असेल त्या दिवशी नेते. चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून मगच ती बरणीत टाकायची. फुगलेली असेल तर बरणीत टाकायचीच नाही, वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, वाळूत ठेवून त्याच आठवड्यात बाहेर काढायची.